उठायची मुभा

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

मागच्या महिन्याच्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की आत्याला तुझ्याकडे येऊन राहायचं नाही आणि हे तिने स्वतःहून, कोणाचाही दबाव नसताना, टेबलावर सांगितलं. यातलं टेबलावर सांगितलं एवढंच खरं आहे. तिला यायचं आहे. ती ‘बरं, नाही जात’ म्हणाली, कारण तिला उठायचं होतं.

तुझी पत्रं तुझ्याआधी निवासाच्या थोरल्या बाई वाचतात, हे तूच कळवलं होतंस. म्हणून हे त्यांच्यासाठी. आमच्या घरात कोणी कोणाला हुकूम करत नाही. संध्याकाळची जेवणं झाली की ताटं बाजूला सारून आम्ही तिथेच बसतो आणि घरातला जो विषय असेल तो टेबलावर येतो. खुर्च्यांच्या कामाला गोणपाट कुठून आणायचा इथपासून कोणी कुठे राहायचं इथपर्यंत काहीही. बहुमत बाबांना चालत नाही. बहुमत म्हणजे जास्त माणसांनी मिळून कमी माणसांना गप्प करणं, असं ते म्हणतात. म्हणून एकमत होईपर्यंत बोलायचं आणि मग उठायचं. घरात आता बाबा, आई, आत्या आणि मी, अशी चारच माणसं आहेत, पण वेळ पूर्वीइतकाच लागतो.

आत्या गेल्या थंडीत तीन दिवस तुमच्या निवासात राहून आली, तेव्हापासून तिच्या मनात होतं. तो विषय सलग आठवडाभर चालला. बाबा चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. ते फक्त विचारत राहिले. ‘तिथे तुला कोणी विचारणार नाही, हे तुला चालेल का?’ ‘चालेल.’ ‘का चालेल?’ आत्याने सांगितलं की मग त्याचं का, आणि मग त्याचंही का. शेवटच्या दिवशी ती मधेच म्हणाली, ‘बरं, नाही जात. झालं?’ बाबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते बघत होते, म्हणून आत्याकडे बघितलं नाही.

पत्रात मी आधी नुसतं ‘आत्या नाही म्हणाली’ असं लिहिलं होतं. तुला माहीतच आहे, आपल्याकडे पाकीट बंद होण्याआधी पत्र सगळ्यांच्या कानावरून जातं. बाबा म्हणाले, ‘नुसतं नाही म्हणाली कशाला? स्वतःहून म्हणाली, तसं लिही. नाहीतर तुझ्या ताईला वाटेल आपण अडवलं.’ आईला ते लगेच पटलं. आईला सगळं लगेच पटतं. परवा ती म्हणाली, ‘मी आधीच सहमत आहे, विषय मागाहून सांगा.’ बाबा सोडून सगळे हसलो.

आत्याला का उठायचं होतं, ते आज लिहवत नाही. हे पत्र टेबलावर गेलेलं नाही. कामाच्या खोलीत काथ्याच्या पोत्यावर बसून लिहितेय. असं पहिल्यांदाच करतेय, त्यामुळे अक्षर वाईट आलंय.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तर आलेलं नाही, येण्याइतके दिवसही झालेले नाहीत. पण अर्धवट सांगितलेली गोष्ट मला खोट्यासारखीच टोचते, म्हणून लिहितेय.

आत्याची टेबलाजवळची खुर्ची खचली होती. बाबांकडे बँकेच्या खुर्च्यांचं मोठं काम होतं, म्हणून ती मी घेतली. तू गेलीस तेव्हा मी फक्त खिळे सरळ करायची, आता अख्खी बैठक एकटी बांधते. कापड सोडवलं, पक्कडीने कडेचे खिळे काढले. खालचा गोणपाट काळा पडला होता. त्याखालचा काथ्या गोळा होऊन बसला होता आणि वास येत होता. मला वाटलं, काही सांडलं असेल. मग स्प्रिंगा बघितल्या. मधल्या दोन गंजल्या होत्या, हाताला लाल भुकटी लागली. गंज एका दिवसात चढत नाही, ताई. एकदा पाणी सांडून चढत नाही. कित्येक महिने थोडं थोडं सांडावं लागतं.

मान वर केली तर आत्या दारात उभी होती.

‘उघडलीस?’ ती म्हणाली.

मी काळा गोणपाट पायाने मागे सारला.

‘वय झालं की धीर धरवत नाही ग. आधी तासभर निघायचा, आता अर्धा तासही नाही.’

‘मग उठायचं ना! उठून जायचं, कोणी धरून ठेवलंय?’

‘उठले की सगळे थांबतात. तुझा बाप हात बांधून बसतो. मी येईपर्यंत एक शब्द बोलत नाही, माझ्यामागे काही ठरायला नको म्हणून. तुझी आई ताटातल्या उष्ट्याकडे बघत बसते. आणि मी आत बसलेय आणि बाहेर तिघंजण माझी वाट बघतायत, हे डोक्यात असलं की काही होत नाही. मग तशीच परत येते.’ मग ती हसली. ‘एवढा मान कोणाला मिळत नाही. राणीलासुद्धा असं कोणी थांबत नसेल.’

मी म्हटलं, हे बाबांना सांगू.

तिने माझं मनगट धरलं. सुई-दोऱ्याची बोटं, घट्ट असतात. ‘टेबलावर नको आणूस. सांगितलंस की तो विषय होईल. सगळे मिळून प्रेमाने माझ्या लघवीवर बोलतील. तुझा बाप विचारेल, तुला कसं वाटतं? मी काय सांगू मला कसं वाटतं?’

थोरल्या बाई, तुम्ही हे वाचत असाल तर कृपा करून इथेच विसरून जा. हे ताईसाठी आहे.

मी काथ्या बदलला, गोणपाट बदलला, स्प्रिंगा नव्या घातल्या. जुनं सगळं मागच्या अंगणात जाळलं. संध्याकाळी बाबा काथ्याच्या पोत्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘एवढा कुठे गेला?’ मी म्हटलं, आत्याच्या खुर्चीला मुंग्या लागल्या होत्या. हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं खोटं. दुसरं कोणतं आठवतंय का, म्हणून मी खूप विचार केला. नाही आठवत.

मुंग्यांचा विषय आठवडाभर टेबलावर आहे. औषध फवारायचं की नाही यावर आईसुद्धा एकदम सहमत झाली नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझं पत्र आलं. ‘इकडे सर्व ठीक. आत्यांना यायचे असल्यास जागा आहे. थोरल्या बाईंनी परवानगी दिली आहे.’ एवढ्या चार ओळी, आणि अक्षर छापल्यासारखं. पूर्वी तू ओळ सोडून वर चढायचीस.

ते पाकीट मी बाबांच्या आधी उचललं. हे दुसरं खोटं.

तू माझ्या प्रश्नांना उत्तर दिलं नाहीस, असं लिहिणार होते, पण मी प्रश्न विचारलेच नव्हते. नुसती चूक दुरुस्त केली होती. तर आता विचारते. आत्या तिथे आली आणि तिला नाही आवडलं, तर ती परत येऊ शकेल का? कोणाला सांगायचं? सांगितल्यावर काय होतं? एक तरी बाई परत गेली आहे का?

तुला वाटेल, मी बाबांसारखी विचारतेय. असेन. मला वाचायला त्यांनीच शिकवलं. चार वर्षांची असताना त्यांनी मला विचारलं होतं, कोणतं अक्षर आधी शिकायचंय तुला? मी ‘ळ’ म्हणाले. कोणताही मास्तर हसला असता. बाबांनी ‘ळ’पासून सुरुवात केली. मला वाचता यायला तुझ्यापेक्षा वर्षभर जास्त लागलं, पण ते एकदाही म्हणाले नाहीत की आधी ‘अ’ घे. अशा माणसाविरुद्ध पोत्यावर बसून पत्र लिहिताना मला कसं वाटत असेल, हे तुला सांगायची गरज नाही.

आणि ही काथ्याची खोली तुला ठाऊक आहे. आजोबा बाबांना या खोलीत कोंडायचे, कधी वहीवर शाई सांडली म्हणून, कधी नुसतं उलटून बघितलं म्हणून. आत्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. ती दाराबाहेर बसून आतल्या भावाशी बोलत राहायची, दार उघडेपर्यंत. बाबा अजून सांगतात, ‘काथ्याच्या धुळीत मला श्वास यायचा नाही, पण तिचा आवाज यायचा.’ परवा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, आत्याला खरंच जायचं असेल तर? ते हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाले, ‘जिने मला दाराबाहेर बसून जगवलं, तिला मी दाराआड जाऊ देऊ? तिथे घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की झोपायचं, बाईंनी सांगितलं ते कपडे. तिने सांगावं मला, मोकळेपणाने, की तिला हे हवंय. मी ऐकायला बसलोय.’

ते खरंच बसलेत ऐकायला. तोच तर प्रश्न आहे.

टेम्पोवाले काका बँकेच्या खुर्च्या न्यायला आले होते. मी दारात उभी राहून कापडाचे दोन नमुने बघत होते. ‘काय, निळं का हिरवं?’ ते म्हणाले.

‘अजून ठरायचंय.’

‘तुमच्याकडे देव जरी आला ना, तरी त्याला आधी टेबलाशी बसवाल. बिचारा आशीर्वाद द्यायला आलेला, मुंग्यांवर मत देऊन जाईल.’

मुंग्यांचं त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मी हसले आणि मग आत जाऊन थोडी रडले. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलंय ते असू दे.

धाकटी


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं दुसरं पत्र काल मिळालं. पुन्हा चारच ओळी, पण त्यातली एक मी दिवसभर वाचतेय. ‘इथून कोणी परत जात नाही, कारण कोणाला जावेसे वाटत नाही.’

हे वाक्य मी ओळखते. आपल्या टेबलावरचं आहे. आपल्याकडेही कोणी असहमत राहत नाही, कारण कोणाला तसं राहावंसं वाटत नाही. तू हे मनापासून लिहिलंस की कोणी सांगितलं म्हणून, ते मला कळत नाही. तुझं तुला तरी कळतं का?

आता काल काय झालं ते. हे माझ्यामुळे झालं.

मला वाटलं, आत्याचं नाव न घेता काहीतरी करता येईल. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, ‘माझा एक विषय आहे. बैठक चालू असताना ज्याला उठायचं असेल त्याला उठायची मुभा असावी, आणि बाकीच्यांनी थांबू नये.’

बाबांना आश्चर्य वाटलं. ‘मुभा? कोणी कोणाला बांधून ठेवलंय?’

‘बांधलेलं नाही. पण उठलं की सगळे थांबतात.’

‘थांबणारच. तू उठलीस आणि आम्ही तुझ्यामागे ठरवलं, तर ते तुझ्यावर लादणं झालं.’

‘मला चालेल.’

‘आज चालेल. उद्या एखादीला चालणार नाही, आणि ती बोलणार नाही. मग?’

आई म्हणाली, ‘मी सहमत आहे.’

‘कोणाशी?’ बाबांनी विचारलं.

‘दोघांशी.’

बाबा हसले नाहीत. त्यांना विषय आवडला होता. चांगला विषय आला की ते कसे खुर्चीत पुढे सरकतात, तुला आठवत असेल. थांबणं हा आदर आहे की दडपण आहे, यावर ते बोलायला लागले. मी उत्तर दिलं. ताई, मी खरोखर चांगलं उत्तर दिलं. मी म्हटलं, माणूस ज्या गोष्टीला हो म्हणतो त्यापेक्षा तो ‘नाही’ म्हणून काय गमावतो ते बघायला हवं. बाबांचा चेहरा उजळला. ‘हे कुठे वाचलंस?’ मी म्हटलं, कुठे नाही, सुचलं. त्यांनी मला आणखी विचारलं, मी आणखी बोलले. मला बरं वाटत होतं. किती वेळ गेला ते मी बघितलं नाही.

आत्या माझ्या शेजारी होती. टेबलाखालून तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं, शाबासकी देतेय.

मग मी पाण्याचा आवाज ऐकला. अगदी बारीक. नळ नीट बंद केला नाही की येतो तसा.

कोणी हललं नाही. आत्या समोर भिंतीकडे बघत होती. तिच्या खुर्चीखालून पाणी फरशीच्या उतारावरून बाबांच्या पायाकडे निघालं होतं.

आई म्हणाली, ‘माझ्या हातून जग सांडला.’

पाण्याचा जग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि भरलेला होता. तो सगळ्यांना दिसत होता. आईने आयुष्यात पहिल्यांदा आपलं स्वतःचं काहीतरी म्हटलं, आणि ते हे होतं.

बाबा उठले. एकमत झालं नव्हतं तरी उठले. मोरीतून फडकं आणलं, गुडघ्यावर बसले आणि फरशी पुसली. दोनदा पिळून आणलं. आत्याच्या पायाला फडकं लागू नये म्हणून ते बाजूबाजूने पुसत होते. मग फडकं घेऊन आत गेले, ते बाहेर आले नाहीत. त्यानंतर मी आत्याला उठवलं.

तिचे कपडे बदलताना मी म्हटलं, ‘माझं चुकलं.’

ती म्हणाली, ‘छान बोललीस पण. तुझा बाप खूश झाला.’

धाकटी


२ मार्च, सोमवार

ताई,

हे छोटं पत्र आहे. त्या दिवशीचा विषय टेबलावर आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, काल नाही. आपल्या घरात एखादी गोष्ट घडली आणि ती टेबलावर आली नाही, असं कधी झाल्याचं मला आठवत नाही. मी वाट बघत होते. मला भीती वाटत होती की बाबा विषय काढतील, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती की काढणार नाहीत.

आज सकाळी मी कामाच्या खोलीत गेले तर बाबा माझ्याआधी तिथे होते. आत्याची खुर्ची उलटी करून समोर घेतली होती. मी चार आठवड्यांपूर्वी बांधलेली बैठक त्यांनी सोडवली होती. काथ्या काढून जाड फोम घातला होता, चांगला, सोफ्याला घालतो तो. आणि वरून कापडाऐवजी रेक्झिन चढवत होते. दवाखान्यांच्या बाकांना लावतो ते, पुसलं की स्वच्छ होणारं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तोंडात खिळे होते. एक एक काढून ठोकत होते. कोपऱ्यातल्या चुण्या त्यांनी इतक्या नीट बसवल्या होत्या की रेक्झिन आहे हे जवळ गेल्याशिवाय कळू नये. रंगही आत्याच्या आवडीचा निवडला होता. तिला न विचारता निवडला होता. आजवर या घरात कोणी कोणासाठी न विचारता काही निवडलं नव्हतं.

खिळे संपल्यावर ते म्हणाले, ‘मुंग्या लागणार नाहीत आता.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते मला विचारवलं नाही.

आत्याने संध्याकाळी खुर्ची बघितली. हात फिरवून बघितला, बसून बघितलं, रेक्झिन करकरलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बघ, माझ्या भावाने माझी सोय केली.’ ती हसायला लागली आणि हसता हसता तिला थांबता येईना. बाबा ताटाकडे बघत जेवत होते.

रागवायला मला आता जागा उरलेली नाही. त्या माणसाने आपल्या बहिणीची लाज जगापासून झाकली, खास तिच्यासाठी, आपल्या हातांनी, उत्तम काम करून. फक्त तिला उठू द्यायचं त्याला सुचलं नाही.

धाकटी


११ मार्च, बुधवार

ताई,

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टेम्पोवाले काका शुक्रवारी तुमच्या गावावरून जाणार आहेत. इस्पितळाच्या चादरी तुम्ही मागच्या अंगणात वाळत घालता, असं आत्याने सांगितलं होतं. तिथे कुंपणाशी ते तुझ्या हातात देतील. थोरल्या बाईंच्या आधी एक पत्र तू वाचावंस, एवढंच मला हवं होतं. मग त्यांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी ती ओळ मी आत्याला वाचून दाखवली. लपवावीशी वाटली होती, पण मग माझ्यात आणि बाबांत काय फरक राहिला? मी म्हटलं, ‘आत्या, तिथून कोणी परत येत नाही म्हणे. तिथेही असंच असलं तर?’

ती उशीला अभ्रा घालत होती. ‘मला काय खुळी समजतेस? थोरल्या बाईंचे डोळे बघितलेत मी. तिथे मान खाली घालूनच राहायचं असतं.’

‘मग?’

‘तिथे जेवण झालं की घंटा वाजते आणि सगळ्या उठतात. सगळ्या. माझ्यासाठी कोणी थांबत नाही.’ तिने अभ्र्याची टोकं नीट केली. ‘लहानपणी बापाचं ऐकलं. मग तुझ्या बापाने मला स्वतंत्र केलं, तेव्हापासून रोज मत देतेय. दमले ग. जे काही दिवस उरलेत ते मला कोणी काही विचारू नये.’

‘आणि नाही आवडलं तर?’

तिने उशी जागेवर ठेवली. मग म्हणाली, ‘तर तू ये. तू विचार. पण एकदाच विचार, आणि मी सांगेन ते ऐकून गप्प बस.’

मला हे पटतं का? नाही पटत. मला तुमची घंटा नको. सगळ्यांनी राखाडी कपडे घालून एका वेळी उठणं, हे मला माणसाला शोभणारं वाटत नाही. आणि एखादीने स्वतःहून ते मागितलं तर तिला ते देणं म्हणजे तिचं ऐकणं की तिला सोडून देणं, हे मी इतके दिवस घोकतेय आणि मला उत्तर सापडलेलं नाही. ‘माहीत नाही’ हे मत होत नाही असं बाबा म्हणतात. माझं तेवढंच मत आहे. पण ओल्या खुर्चीवर बसून तिने मला उत्तर सापडेपर्यंत थांबावं, हे मला मान्य नाही. एवढं एक मान्य नाही.

तू कशी गेलीस ते मला आठवतं. तू टेबलावर म्हणालीस, ‘पटलं, नाही जात,’ आणि सकाळी तुझी गादी रिकामी होती. बाबांना तुझं जाणं लागलं नाही इतकं ते ‘पटलं’ लागलं. त्यांनी तुला लिहिलं होतं, ‘जायचं होतं तर जायचंस, खोटं का बोललीस?’ तू उत्तर दिलं नाहीस. मी तेव्हा बाबांच्या बाजूची होते. आता मला कळतं की तुलाही उठायचं होतं.

मी तशी जाणार नाही. आत्याचा विषय मी काल पुन्हा टेबलावर ठेवलाय. बाबा म्हणाले, ‘रविवारी दुपारी घेऊ, काम बंद असतं, सावकाश बोलता येईल.’ टेम्पोवाल्या काकांना मी रविवारी दुपारी टेम्पो आणायला सांगितलंय. त्यांनी विचारलं, ‘ठरलं का पण?’ मी म्हटलं, ‘माझं ठरलं.’ ते म्हणाले, ‘एकटीचं? तुमच्या घरात हे चालतं?’ आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. भाडं घेणार नाहीत म्हणाले.

जेवणं होतील, बाबा ताटं बाजूला सारतील आणि ‘बोला’ म्हणतील. मी पहिली बोलेन. म्हणेन, ‘मी सहमत नाही. आत्याही नाही. आम्ही निघतोय.’ ते विचारतील, का? मी उत्तर देणार नाही. चांगलं उत्तर सुचलं तरी देणार नाही, कारण मी बोलायला लागले की थांबत नाही. खुर्ची मागे सारेन, उठेन, आणि आत्याला हात देईन. आई काय करेल ते मला माहीत नाही. ती मान वर करून बघेल, असं वाटतं.

आत्याला तुमच्या दारात सोडून मी परत येणार आहे. बाबा तिथेच बसलेले असतील, हात बांधून, माझी वाट बघत, कारण माझ्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. त्यांच्यासमोर जाऊन बसायची माझी तयारी आहे. ते रात्रभर विचारतील. विचारू देत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तिकडे येईन आणि आत्याला एकटीला, कोणी शेजारी नसताना, विचारेन. ही माझी अट आहे, थोरल्या बाईंना तशी सांग. त्यांनी नाही म्हटलं तर मी रस्त्यावर उभी राहून मोठ्याने विचारेन. मला बाबांनी शिकवलंय, विचारायला मला लाज वाटत नाही.

आणि ताई, तुलाही विचारेन. आधी विचारायला हवं होतं. उभ्याउभ्या विचारेन, खुर्ची नसेल, मागे कोणी थांबलेलं नसेल. तू ‘सर्व ठीक’ म्हणालीस तर मी ऐकून घेईन. वेगळं काही म्हणालीस तर टेम्पोत जागा आहे.

आत्याची रेक्झिनची खुर्ची इथेच राहील. मी विचारलं, सोबत घ्यायची का? ती म्हणाली, ‘नको. भावाकडे असू दे.’

दाराशी येशील ना? रविवारी, १५ मार्चला, ऊन उतरायच्या आत.

धाकटी